हंडीतले रंग

सोमवार, ४ ऑक्टोबर

आजपासून रोजच्या रोज लिहून ठेवणार आहे. ह्यांनी माझ्यावर एक कामगिरी सोपवली आहे आणि नंतर कोणी म्हणायला नको की धाकटीने मीठमसाला लावून सांगितलं. मी जे पाहीन तेच लिहीन, कोणाची बाजू न घेता.

कामगिरी अशी. थोरल्या जाऊबाईंचा फोटो स्टुडिओ ज्या खोलीत आहे, ती खोली सासूबाईंनी जाण्यापूर्वी आम्हा दोन्ही सुनांच्या नावावर करून ठेवली. आता मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला ती जागा हवी आहे. आमच्या ह्यांनी त्याला जवळजवळ शब्दच देऊन टाकला. ह्यांचं म्हणणं, हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असताना स्टुडिओत येतो कोण? थोरले भाऊजी गेल्यापासून तर तिथे शुकशुकाटच आहे. जाऊबाईंनी महिनाभराची मुदत मागून घेतली. महिनाअखेरपर्यंत एखादी मोठी ऑर्डर आली तर स्टुडिओ राहील, नाही तर आम्ही दोघींनी सही करून खोली मोकळी करायची. मी नुकतीच शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले आहे, म्हणून हे म्हणाले, "तू जाऊन बस तिच्याजवळ. बघ, खरंच काही चालतं का."

जाऊबाईंना म्हटलं, "घरी करमत नाही हो, तुम्हाला हाताखाली मदत होईल." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ये की. भाऊजी बरे आहेत ना?" म्हणाल्या. आता यात ह्यांचा काय संबंध, कोण जाणे.

पासपोर्ट फोटोला दोघंजण आले. बाकी वेळ आम्ही फिल्टर पुसत बसलो. लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायच्या या गोल काचा. त्यांची एक लाकडी पेटी आहे, प्रत्येकीला मखमलीचा वेगळा खण. मी एक उचलली, तोंडाने हाः केलं आणि हातरुमालाने घासायला घेतली, तर जाऊबाई एवढ्या ओरडल्या की काच हातातून सुटायचीच. "अगं ए धाकटे! ते काय कढईचं झाकण आहे?" या वयात मला कोणी असं बोलत नाही. लिहून ठेवते आहे.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

आज मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

एका गिऱ्हाइकाला नाक्यावरच्या जुन्या बँकेच्या इमारतीचा फोटो हवा होता, तोही माणसांशिवाय. भर दुपारी त्या नाक्यावर माणसं नाहीत असं कधी होतं का? मी म्हटलं, पहाटे येऊ. जाऊबाईंनी पेटीतून एक काच काढली, तव्यासारखी काळीकुट्ट. मी डोळ्याला लावली तर पलीकडचं काही म्हणजे काही दिसेना. म्हटलं, बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी ती लेन्सवर बसवली, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "जा, त्या पायरीवर उभी राहा. मी सांगेपर्यंत हलू नकोस. नाकावर माशी बसली तरी."

मी उभी. माझ्यासमोरून अख्खं गाव गेलं. एक म्हातारा मला ओलांडून गेला, सायकली गेल्या, एक बाई "तुम्ही रांगेत आहात का?" म्हणून विचारून गेली. मी हूं की चूं केलं नाही.

फोटो पाहिला आणि बाई गं! नाका रिकामा. त्या म्हाताऱ्याचा, सायकलींचा, त्या बाईचा पत्ता नाही. बँकेच्या पायरीवर मी एकटी, सासरी पहिल्यांदा आल्यासारखी. जाऊबाई म्हणाल्या, ही काच उजेड इतका थोडा आत सोडते की फोटो उमटायला पुष्कळ वेळ लागतो, आणि जो चालता आहे तो तेवढ्या वेळात उमटतच नाही. थांबतो तो उरतो. मग मला बाजूला करून त्यांनी खरा फोटो काढला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मोबाइलमध्ये असले शंभर फिल्टर असतात, फुकट." मांजराचे कान लावता येतात तो फिल्टर ह्यांनी मला उघडून दाखवला. शेजारच्या पोराच्या तोंडावर ते कान बरे दिसले, हे खोटं कशाला बोलू.

शनिवार, ९ ऑक्टोबर

ऑर्डर आली! कधी एकदा लिहिते असं झालं होतं. वास्तविक मला काय त्याचं?

नदीपलीकडे काचेचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे तरी काय, एक भट्टी आणि आठ-दहा माणसं. त्याचे मालक आले. आम्ही त्यांना काचवाले म्हणतो. नळीतून फुंकून फुंकून गाल एवढे सुटले आहेत की गप्प बसले तरी तोंडात घास असल्यासारखे दिसतात. दिव्यांवर लावायच्या मोठमोठ्या काचेच्या हंड्या ते बनवतात, छताला टांगायच्या, घागरीएवढ्या. त्या हंड्यांचं त्यांना रंगीत पुस्तक छापायचं आहे, मोठ्या शहरांतल्या गिऱ्हाइकांना पाठवायला. सगळ्या नमुन्यांचे फोटो जाऊबाईंनी काढायचे.

"मोबाइलवर काढून पाहिले," ते म्हणाले, "पण हंडीपेक्षा माझंच थोबाड जास्त दिसतं."

जाऊबाई म्हणाल्या, "काचेचा फोटो काढणारी या गावात मी एकच." नम्रपणा त्यांच्या गावीही नाही. सासूबाई असताना मला हाच स्वभाव डोळ्यांत खुपायचा. आज तेवढा खुपला नाही.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "ऑर्डर आली म्हणजे झालं नाही. पुरी व्हायला हवी."

मंगळवार, १२ ऑक्टोबर

काचेसारखी चोंबडी वस्तू जगात दुसरी नसेल. खोलीत जे जे आहे ते सगळं ती स्वतःवर घेते. हंडी मांडली की तिच्यात खिडकी दिसते, दिवा दिसतो, कॅमेरा दिसतो, मी घातलेला पिवळा स्वेटर दिसतो. जाऊबाईंनी मला स्वेटर काढायला लावला, मग खुर्चीमागे बसवलं, मग बाहेरच काढलं.

मग पोलरायझर नावाचा फिल्टर निघाला. दिसायला साध्या राखाडी गॉगलसारखा, पण कड्यात फिरतो. जाऊबाईंनी मला डोळा लावायला दिला. हळूहळू फिरवला तशी हंडीवरची खिडकी फिकी होत गेली आणि नाहीशी झाली! उलटा फिरवला, परत आली. मी पोरीसारखी ते करतच बसले. जाऊबाईंनी समजावलं की उजेड एरवी सगळ्या बाजूंनी थरथरत येतो. काचेवरून, पाण्यावरून तिरका उसळला की बराचसा एकाच बाजूने थरथरतो, आणि ही काच त्याच्या आडवी धरली की तेवढाच अडतो. "आणि हे फोटो काढल्यावर कॉम्प्युटरवर होत नाही, सांग भाऊजींना. उजेड एकदा आत मिसळला की कोणाच्या बापाला वेगळा काढता येत नाही." आता ह्यांचं नाव मी काढलंसुद्धा नव्हतं.

तरी हंडीच्या मागे सपाट पांढरा उजेड काही मिळेना. कागद लावला तर सुरकुत्या, कापड लावलं तर विणीची जाळी. तेव्हा मला सुचलं. मला! आमचा घरचा मोठा टीव्ही. त्यावर नुसतं कोरं पांढरं चित्र लावायचं आणि हंडी त्याच्यापुढे मांडायची. जाऊबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "धाकटे, तू शाळेत उगीच वर्षं घालवलीस."

हे मॅच बघत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत टीव्ही भिंतीवरून काढून हातगाडीवर चढवला. ह्यांनी जे काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

बुधवार, १३ ऑक्टोबर

आज जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही.

टीव्ही लावला. पांढराशुभ्र. त्याच्यापुढे हंडी, लेन्सवर पोलरायझर. जाऊबाई प्रतिबिंबं घालवायला फिल्टर फिरवत होत्या, तर मागचा पांढरा पडदा चक्क काळा पडला. टीव्ही बिघडला म्हणून मी वाकून पाहिलं, तर नुसत्या डोळ्याने तो पांढराच होता. जाऊबाई म्हणाल्या की टीव्हीचा उजेडही एकाच बाजूने थरथरणारा असतो, म्हणून फिल्टरने तो सगळाच अडवला.

पण त्या काळ्यावर ती हंडी! साधी पाण्यासारखी काच, तिच्या अंगात रंग उठले. गळ्याशी पट्टेच्या पट्टे, जांभळा, निळा, पिवळा, गुलाबी, पुन्हा जांभळा. बुडाशी मोराच्या पिसासारखा डोळा. मी ओरडलेच, "अगोबाई, जाऊबाई, हे हो काय केलंत!"

त्यांनी फिल्टर किंचित मागेपुढे फिरवून पाहिला. बराच वेळ कॅमेऱ्याला डोळा लावून राहिल्या. मग दुसरी हंडी ठेवली, तिच्यातही रंग. मग विचित्रच करायला लागल्या. पाणी प्यायचा पेला आणून ठेवला, त्यात काही दिसलं नाही. टेबलावरची प्लॅस्टिकची पट्टी धरली, तिच्यात रंग. ती वाकवली, तर रंग वाकवल्या जागी दाटले. मी म्हटलं, "पट्टीचा फोटो कोण घेणार आहे? हंडीचा काढा." त्यांनी काढला, पण चेहरा उतरलेला.

मला वाटतं, टीव्हीची युक्ती माझी होती हे त्यांना लागलं असणार. कानामागून आली आणि तिखट झाली असं वाटलं असेल. मी मनावर घेत नाही. माणूस मोठं असलं तरी शेवटी माणूसच.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

काचवाले हंड्यांची पुढची खेप घेऊन आले. जाऊबाईंनी त्यांना चहा दिला आणि बसल्या गप्पा मारत. हंडी फुंकून झाली की लगेच बाहेर ठेवता का? किती वेळ निववता? भट्टीची उष्णता दाखवणारा काटा नीट चालतो ना? ते म्हणाले, "अहो, काच बाळंतिणीसारखी असते, हळूहळू थंड करावी लागते. निववायची भट्टी वेगळी आहे माझी. काटा पावसाळ्यातच दुरुस्त केला, आता अगदी नव्यासारखा चालतो." जाऊबाई मान डोलावत राहिल्या. एवढं मोठं काम हातात असताना या चौकशा कशाला, मला कळेना.

त्या आत गेल्या तशी मी कॅमेरा उघडून रंगांचा फोटो काचवाल्यांना दाखवला. त्यांचे ते गाल थरथरायला लागले. "ही माझी हंडी?" म्हणाले. "आयुष्यभर काच फुंकली, पण तिच्या पोटात हे असेल असं वाटलं नव्हतं. बाई, हाच पुस्तकाच्या तोंडावर!" शिवाय वाचनालयाला दिलेल्या हंड्या, कारखान्याची माणसं, भट्टी, सगळ्याचे फोटो काढायला सांगून गेले. काम दुप्पट झालं की!

मी ही खूशखबर सांगितली तर जाऊबाई मटकन खुर्चीत बसल्या. "तुला कोणी सांगितलं होतं दाखवायला?" एवढंच म्हणाल्या. करायला गेले बरं आणि झालं भलतंच, हेच.

शनिवार, १६ ऑक्टोबर

मी किती मूर्ख आहे ते आज कळलं, आणि मी हे लिहिणार आहे, कारण कोणाची बाजू घ्यायची नाही असं ठरलं होतं, माझीसुद्धा.

सकाळी जाऊबाईंनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, मागे त्यांच्या चष्म्याची भिंगं कड्यात फार घट्ट बसली होती तेव्हा चष्मेवाल्याने या फिल्टरसारख्याच दोन काचांमध्ये चष्मा धरून दाखवला होता. जिथे कड्याने भिंग आवळलं होतं तिथे रंग होते. स्क्रू सैल केल्यावर रंग गेले. "रंग म्हणजे ताण, धाकटे. जिथे काच आतल्या आत ओढली गेली आहे तिथे ते दिसतात. पेल्यात नव्हते, कारण पेला नीट निवला होता. या हंड्या निवलेल्या नाहीत. वरून धडधाकट दिसतात, पण कधी फुटतील नेम नाही."

मी घाबरले, आणि खरं सांगते, हंड्यांसाठी नाही, ऑर्डरसाठी. मी म्हटलं, "तुमची खात्री आहे का?"

"पुरती नाही."

"मग झालं तर! टीव्ही बाजूला करा, साधा दिवा लावा. रंग दिसणारच नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण फोटो काढणारी माणसं, आपल्याला काच फुंकायला कोणी बोलावलंय?"

"परवा रात्री मी तेच करणार होते," जाऊबाई म्हणाल्या. "टीव्हीची वायर हातात धरली होती. ही खोली गेली तर मी सकाळी उठून कुठे जाऊ गं? घरात कोण आहे माझं?" आणि ढसाढसा रडायला लागल्या. एवढ्या वर्षांत, थोरले भाऊजी गेले तेव्हासुद्धा, मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले.

थोड्या वेळाने काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आणि वाचनालयातल्या तीन हंड्यांचे फोटो राहिलेच की. मुलांच्या टेबलावर टांगल्या आहेत, किती छान दिसतात."

त्यांनी हात सोडवून घेतला. "मुलांच्या टेबलावर?" म्हणाल्या, आणि डोळे पुसून कॅमेऱ्याची पिशवी भरायला लागल्या.

रविवार, १७ ऑक्टोबर

काल अर्धा दिवस, वाचनालय गाठेपर्यंत ते बंद झालं होतं. आज सकाळी उघडताना आम्ही दारात हजर.

मला वाटलं, टीव्ही इथे कसा आणणार? जाऊबाई म्हणाल्या, "नको. आकाश आहे." सूर्य एका कुशीला असला की निळ्या आकाशाचा उजेडही टीव्हीसारखाच असतो म्हणे. वरच्या झरोक्यांची तावदानं ग्रंथपालबाईंकडून उघडून घेतली आणि जाऊबाई चक्क जमिनीवर उताण्या झोपल्या, कॅमेरा छातीवर, हंडी आणि झरोक्यातलं आकाश एका रेषेत धरून. साठीची बाई, पांढरे केस फरशीवर पसरलेले, आणि फिल्टर असा फिरवत होत्या की जणू कोणाच्या नाडीवर बोट आहे. मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी या बाईचा दुस्वास करण्यात वेळ घालवला, केवढा वेळ!

"बघ," म्हणाल्या. मीही आडवी झाले. आकाश गडद झालं आणि तिन्ही हंड्यांच्या गळ्याशी ते पट्टे उमटले. फिकट होते, पण होते. परवा मी ज्यांना मोरपीस म्हटलं, तेच. खाली छोट्या छोट्या खुर्च्या होत्या.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मला तर काही दिसत नाही. आणि टेबल हलवायचं म्हणजे वरून परवानगी लागते." मी शाळेच्या ऑफिसात आयुष्य काढलं आहे, परवानगी मला कोणी शिकवू नये. मी खुर्च्या उचलायला लागले. दोन उचलल्यावर त्याही उचलायला लागल्या.

मग कारखाना. जाऊबाईंनी काचवाल्यांना सगळं सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. ते आधी हसले, मग लाल झाले. "फोटोवालीने मला काच शिकवायची? परवा तुम्हीच रंग दाखवलेत, आज तोच माझा दोष? नको मला तुमचे फोटो! सगळ्या हंड्या परत पाठवा."

परत येताना पुलावर मी म्हटलं, "आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला." जाऊबाई म्हणाल्या, "हो गं, पाडला खरा." आणि माझ्या हातातली जड पिशवी त्यांनी घेतली.

बुधवार, २० ऑक्टोबर

काचवाल्यांनी बोलावलं म्हणून गेलो. माणसं सगळी अंगणात उभी होती. मधे गोणपाटावर एक हंडी. वाचनालयातून उतरवून आणलेली.

काचवाले म्हणाले, त्या दिवशी तुम्ही गेलात आणि मला झोप येईना. माझ्या गुरूंचं एक बोलणं आठवलं. न निवलेली काच बाहेरून ठोका, सोसते. आतून ओरखडा सोसत नाही. "आज तुमच्या देखत बघू. तुम्ही चुकलात तर तुम्ही माफी मागा, मी चुकलो तर मी मागतो."

त्यांनी लाकडी दांड्याने हंडीला बाहेरून टोला दिला. खणखणीत वाजली. माणसांनी सुस्कारा सोडला, मीही. मग त्यांनी गारगोटीचा तांदळाएवढा खडा घेतला, सगळ्यांना मागे सरकवलं आणि लांबून हात करून हंडीच्या तोंडातून आत टाकला.

टिक् असं वाजलं. काही झालं नाही. कोणीतरी हसायला सुरुवात केली. तेवढ्यात हंडी आपली आपण फुटली. तडकली नाही, फुटली! मूठभर काच माझ्या पायाशी येऊन पडली.

काचवाल्यांनी ढिगातला एक तुकडा उचलून पाहिला. मग जाऊबाईंसमोर आले आणि हात जोडायला लागले, तर जाऊबाईंनी ते वरच्या वर धरले. "तुमच्या फुंकण्यात खोट नाही," त्या म्हणाल्या, "काट्यात आहे." काटा काढून पाहिला तर खरंच, पावसाळ्यातल्या दुरुस्तीपासून खोटं दाखवत होता. त्यानंतरची प्रत्येक हंडी ते गिऱ्हाइकांकडून परत आणणार आहेत. स्वतः जाऊन, हंडी का नेतो ते तोंडाने सांगून. एवढ्या मोठ्या माणसाला असं दारोदार जाताना काय वाटेल! मला त्यांचा फार आदर वाटला.

पुस्तक आता कुठलं? त्यात छापायला एकही हंडी उरली नाही.

सोमवार, २५ ऑक्टोबर

ह्यांना सगळं कळलं आहे. रागावले नाहीत, उलट गोड बोलले. "वहिनींनी चांगलंच केलं, पण ठरलेलं ते ठरलेलं. ऑर्डर गेली. मी कागद तयार करून घेतो." आणि म्हणाले, म्हातारपणी भाड्याचा आधार होईल. ह्यात खोटं काय आहे? मी दोन दिवस विचार करते आहे आणि प्रत्येक वेळी ह्यांचंच बरोबर निघतं. तरी जेवण जात नाही.

जाऊबाई फिल्टर एकेक करून मऊ कागदात गुंडाळत होत्या. कोणता कुठे लावायचा हे मला सांगत. लाल काच काळ्यापांढऱ्या फोटोत आकाश काळं करते आणि ढग उठवून बसवते. पिवळी तेच करते, पण बेताने. स्वस्तातली काच चांगल्या लेन्सवर लावू नये, आणि एकावर एक दोन तर मुळीच नाही. "आणि सगळ्यात आधी स्वतःला विचारायचं, लागतो का? नसेल लागत तर लावायचाच नाही." मी म्हटलं, "मला कशाला सांगता आता?" म्हणाल्या, "मग कोणाला सांगू?"

सहीबद्दल मला त्यांनी अवाक्षराने विचारलं नाही. ह्यांनी मला तिथे कशाला पाठवलं हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला हे आज कळलं, आणि लाज वाटली.

शनिवार, ३० ऑक्टोबर

सकाळीच काचवाले आले, पोटाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी धरून. नवा काटा बसवून निववलेली पहिली हंडी. "दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पितो," म्हणाले. "तुम्ही बघितल्याशिवाय ही कुठे टांगणार नाही."

टीव्ही लावला. हंडी मांडली. जाऊबाईंनी फिल्टर बसवला आणि बाजूला झाल्या. "धाकटे, तू बघ. माझ्याच्याने बघवत नाही."

मी डोळा लावला आणि फिरवायला लागले. पडदा पांढऱ्याचा राखाडी झाला, राखाडीचा काळा. मी वाट बघितली. गळ्याशी बघितलं, बुडाशी बघितलं. आणखी किंचित फिरवलं, परत मागे आणलं.

"काय दिसतंय?" जाऊबाई.

"काही नाही."

"नीट बघ गं!"

"जाऊबाई, काही नाही! सगळा काळोख आहे! काठावर एक पुसट रेघ तेवढी, बाकी हंडी आहे की नाही तेही कळत नाही!"

काचवाले जमिनीवरच बसले आणि गाल हातात धरून लहान मुलासारखे रडले. जाऊबाईंनी मला मिठी मारली, आयुष्यात पहिल्यांदा.

आणि नेमके तेव्हाच हे आले. एका हातात कागद, दुसऱ्या हातात टीव्ही बांधायची दोरी. आमची तिघांची ती अवस्था बघून दारातच थबकले. मी म्हटलं, "या, तुम्हीही बघा." ह्यांनी कॅमेऱ्यात डोकावलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "यात तर काहीच दिसत नाही."

"हो ना!" आम्ही तिघंही एकदमच ओरडलो आणि हसत सुटलो. ह्यांना वाटलं असणार, काचेची भट्टी डोक्यात गेली सगळ्यांच्या.

हसणं थांबल्यावर ह्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं. जाऊबाई पुढे झाल्या. पेन उचलायलाच, शब्दाची पक्की बाई. मी त्यांच्या आधी कागद उचलला, घडी घातली आणि ह्यांच्या खिशात ठेवला.

"अगं, ऑर्डर आली तरच, असं ठरलं होतं ना?" हे म्हणाले.

"ते तुम्ही ठरवलं होतं. खोली आमची आहे."

हे जाऊबाईंकडे बघायला लागले, जाऊबाई माझ्याकडे.

"मग त्या कव्हरवाल्याला मी काय सांगू?"

"सांगा, जागा रिकामी नाही," मी म्हटलं. "तिथे दोघीजणी काम करतात."